आवक-जावक

तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी पावत्या फाडते.
बेदाण्याचे बॉक्स, लॉट नंबर, तारीख, सही.
आत चार अंश. चैत्रातसुद्धा स्वेटर लागतो,
आणि दुपारी दूध भरून आलं की
त्या स्वेटरवर दोन ओले डाग, हमालांसमोर.

शिवन्या, तुझी आवक मात्र माझ्या वहीत नाही.
ती मी झोपेत असताना झाली,
शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत, वारेतून,
काट्यावर न चढवता.
माझ्या रक्ताला जे जे आठवत होतं
ते त्यानं गुपचूप तुझ्याकडे पोचवलं.
तू तीन आठवडे आधीच आलीस, मिरजेला, सव्वादोन किलोची,
म्हणजे थोडा माल इकडेच राहिला असणार.

त्यात एक गोवर आहे.
मणेराजुरीचा, मी सात वर्षांची असतानाचा.
डोळ्यांना उजेड सोसेना
म्हणून खिडकीला आईची साडी,
दारात लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद.
मी बरी झाले. मला आंघोळ घातली
तेव्हा सुदेश तापला होता.
अकरा महिन्यांचा. माझ्याच गोधडीत झोपायचा.

त्याच्या डोसाच्या दिवशी आम्ही
मामाच्या लग्नाला बिसूरला गेलो होतो.
आई हे वाक्य अजून तसंच्या तसं म्हणते,
एवढंच म्हणते,
आणि चहा गाळायला घेते.

तर तुझ्या अंगात जे पहारा देत होतं
ते त्या अंधाऱ्या खोलीतून आलेलं.
हे मुल्ला सिस्टरनी सांगितलं नाही.
त्यांनी सांगितलं ते इतकंच, की
आईकडून आलेलं टिकत नाही,
साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं,
मग त्या निम्म्याचं निम्मं.
मी हिशेबाची बाई.
रात्री तुला मांडीवर घेऊन
कॅलेंडरच्या पाठीमागे भागाकार करत बसायची.
बाकी कधी शून्य येत नाही,
पण चोर आत यायला शून्य लागतंच कुठे?

सहाव्या महिन्यात उपकेंद्रात जाऊन भांडले.
आत्ताच टोचा म्हणाले, नंतर मला सुट्टी मिळत नाही.
(सुट्टी मिळते. खोटं बोलले.)
सिस्टर बर्फाच्या डब्याचं झाकण दाबत म्हणाल्या,
साथ असती तर दिला असता. एरवी थांबायचं.
तुमचं अजून आत आहे, ताई,
ते लसीला काम करू देत नाही.

मी पायरीवर चप्पल शोधत राहिले, पायातच होती.
म्हणजे माझा पहारेकरी इतका इमानी
की शिकवायला आलेल्या मास्तरालाही
दारातच धरून आडवा करणार.
आमच्याकडे माल वर्षभर राहतो,
भाव येईपर्यंत लोक ठेवतात.
जो संपायची वाट बघावी
असा माल मी पहिल्यांदाच ठेवला होता.

मग ते मधले दिवस.
माझं सरत आलेलं, तुझं अजून उगवायचं.
तुला बाजाराला नेलं नाही,
कवठ्याच्या बारशालाही नाही. सासूबाई रुसल्या.
रस्त्यावर कुणाचं पोर खोकलं
तर मी पदर तुझ्यावर ओढायची,
जसा काही पदरानं गोवर अडतो.

नऊ महिने पुरे झाले त्या बुधवारी
उजव्या दंडाला टोचलं.
तू आधी बघितलंस, मग श्वास घेतलास, मग रडलीस.
वर चमच्यानं पिवळं गोड औषध.
सिस्टरनी कार्डावर तारीख घातली,
मी सवयीनं खाली सही करायला पेन काढलं.
लागत नाही, म्हणाल्या.

आठव्या दिवशी तुला बारीक ताप आला.
येतो, घाबरू नका, असं सांगितलेलंच होतं.
आई आलेली. काही न बोलता
तिनं भाजी बिनफोडणीची टाकली,
खिडकीपाशी गेली.
मी तिच्या हातातून पडदा सोडवला,
उजेड तुझ्या तोंडावर आला, तू डोळे मिटले नाहीस.
मग कढईत तेल, मोहरी, लसूण, दोन सुक्या मिरच्या.
घरभर ठसका उठला.
आई दारात उभी, पदर नाकाला,
आणि तू तिच्याकडे बघत
लागोपाठ तीनदा शिंकलीस.